पाहणाऱ्याची साक्ष

१८९९ च्या नोव्हेंबरात टेनेसीच्या डोंगरावरच्या सुवॉनी नावाच्या एका लहानशा विद्यापीठाचा फुटबॉल संघ आगगाडीत बसून टेक्सासला निघाला. ९ तारखेला त्यांनी ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठाला १२-० असं हरवलं. दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एमला १०-०. तिसऱ्या दिवशी न्यू ऑर्लिन्समध्ये टुलेनला २३-०. मग रविवार आला, त्या दिवशी खेळ नव्हता. सोमवारी बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेटला ३४-० आणि मंगळवारी मेम्फिसमध्ये मिसिसिपीला १२-०. सहा दिवसांत पाच सामने, तेही परक्या मैदानांवर, आणि पाचांपैकी एकाही संघाला त्यांच्याविरुद्ध एक गुण मिळवता आला नाही. त्या हंगामात सुवॉनी बारा सामने खेळली आणि बाराही जिंकली. तिने केलेले गुण ३२२ आणि तिच्यावर झालेले फक्त १०, ते सगळे ऑबर्न संघाने एकाच सामन्यात केलेले.

हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्या काळच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये (म्हणजे लंबगोल चेंडूच्या, अंगाला अंग भिडवून खेळायच्या फुटबॉलमध्ये) चढाईला वेगळी माणसं आणि बचावाला वेगळी, अशी चैन नव्हती. तेच अकरा जण दोन्ही कामं करत. एकदा बदली होऊन बाहेर गेलेला गडी परत मैदानात येऊ शकत नसे. गाडीत झोपायचं, उतरून खेळायचं आणि पुन्हा गाडीत चढायचं, असा त्यांचा तो आठवडा होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस, या खेळाचे नियम घडवणारे वॉल्टर कॅम्प यांचा ऑल-अमेरिका संघ जाहीर झाला. देशातले सर्वोत्तम अकरा खेळाडू, असा त्या नावाचा दावा. त्यात सुवॉनीचा एकही माणूस नव्हता. सुवॉनीचाच कशाला, अख्ख्या दक्षिणेतला एकही नव्हता. कॅम्प यांच्या पहिल्या संघात दक्षिणेच्या खेळाडूला जागा मिळायला १९१८ उजाडावं लागलं. तो खेळाडू म्हणजे जॉर्जिया टेक कॉलेजचा बम डे, सेंटर या मधल्या जागेवर खेळणारा. मधल्या जवळजवळ वीस वर्षांत दक्षिणेच्या चांगल्या खेळाडूंना मान मिळाला तो ऑल-सदर्न या प्रादेशिक संघात. अटलांटा, नॅशव्हिल, न्यू ऑर्लिन्स इथली वर्तमानपत्रं, तिथले प्रशिक्षक आणि पंच हे संघ निवडत.

मग आज याचं काय? शंभर वर्षांपूर्वीच्या याद्यांवरून आता भांडायचं कशाला? भांडायचं ते यासाठी, की या याद्या अजूनही न्यायनिवाडा करतात. अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये खेळाडूचा विचार व्हायचा असेल तर पहिली अट अशी आहे, की कधीतरी त्याची निवड ऑल-अमेरिकेच्या पहिल्या संघात झालेली असली पाहिजे, आणि तीही कॉलेज क्रीडांच्या राष्ट्रीय संघटनेने मान्य केलेल्या निवडकर्त्याकडून. आजच्या खेळाडूला ही अट रास्त आहे. आज प्रत्येक सामना दूरचित्रवाणीवर दिसतो आणि निवडणारे ढिगाने आहेत. पण १९०५ साली नॅशव्हिलमध्ये खेळणाऱ्या मुलाला हीच अट लावायची म्हणजे, ज्या माणसाने त्याला कधी पाहिलंच नाही त्या माणसाचं प्रशस्तिपत्र आणून दाखव, असं त्याला सांगणं. आणि ज्यांनी त्याला दर शनिवारी पाहिलं त्यांची साक्ष मात्र पुरावा म्हणून पुरेशी धरायची नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. १९२४ पर्यंतच्या काळासाठी ऑल-सदर्न, ऑल-वेस्टर्न, पॅसिफिक किनाऱ्याचा संघ असे प्रादेशिक बहुमान हे ऑल-अमेरिकेच्या तोडीचे पुरावे म्हणून धरले गेले पाहिजेत. त्यांना दुय्यम दर्जाचं बक्षीस समजणं अन्यायाचं आहे.

राष्ट्रीय म्हणवणारी ती यादी मुळात कशी तयार झाली ते पाहा. पहिला ऑल-अमेरिका संघ १८८९ साली कॅस्पर व्हिटनी यांनी एका क्रीडा साप्ताहिकात छापला. त्या निवडीत कॅम्प यांचाही हात होता. त्यात अकरा जण होते. प्रिन्स्टनचे पाच, हार्वर्डचे तीन, येलचे तीन. संपला देश. अमॉस अलोन्झो स्टॅग, पज हेफेलफिंगर यांच्यासारखे खरोखर मोठे खेळाडू त्यात होते, याबद्दल वाद नाही. पण तीन कॉलेजांच्या अकरा मुलांना ‘सबंध अमेरिका’ असं नाव देण्यात आलं आणि ते नाव टिकलं. पश्चिमेच्या पहिल्या खेळाडूला, शिकागो विद्यापीठाच्या क्लॅरन्स हर्शबर्गरला, कॅम्प यांच्या पहिल्या संघात जागा मिळाली ती १८९८ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. (त्या काळी ‘पश्चिम’ म्हणजे शिकागो, मिशिगन, विस्कॉन्सिनचा पट्टा. कॅलिफोर्निया कुणाच्या हिशेबातच नव्हता.) पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ब्रिक मुलरला १९२१ पर्यंत थांबावं लागलं.

कॅम्प हे लबाड गृहस्थ होते असं मी मुळीच म्हणत नाही. या खेळाचं आजचं रूप त्यांनी घडवलं. चेंडू कुणाच्या ताब्यात आहे ते ठरवणारी स्क्रिमेजची रेषा १८८० मध्ये त्यांनीच आणली. ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतर कापण्याची पद्धत १८८२ मध्ये आली, तीही त्यांच्याच आग्रहाने. त्यांना खेळ कळत होता. पण ते न्यू हेवनला राहत, तिथल्या घड्याळाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि माणूस एका शनिवारी एकच सामना पाहू शकतो. बाकीच्या देशासाठी त्यांना पत्रांवर, ओळखीच्या प्रशिक्षकांच्या शब्दावर आणि वर्तमानपत्रांच्या कात्रणांवर विसंबावं लागे. ऐकीव माहितीवर केलेली निवड वाईटच असते असं नाही, पण ती पाहून केलेल्या निवडीच्या वर बसू शकत नाही.

कॅम्प यांच्याच घरातली एक गोष्ट मला इथे आठवते. १८८८ च्या हंगामात कारखान्याच्या कामामुळे त्यांना दुपारच्या सरावाला जाता येत नसे. मग त्यांच्या पत्नी ॲलिस येलच्या मैदानावर जाऊन उभ्या राहत, कोण कसा खेळतोय ते टिपून घेत आणि संध्याकाळी घरी येऊन सगळं सांगत. त्यावरून कॅम्प संघाला सूचना देत. मैदानाच्या कडेला उभं राहून पाहणाऱ्या माणसाचं मोल किती असतं हे कॅम्प यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दक्षिणेत आणि पश्चिमेत असे कडेला उभे राहून पाहणारे शेकडो होते. फक्त त्यांचं टिपण न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात छापून येत नव्हतं.

खरी मेख या छापून येण्यात आहे. कोलियर्स, हार्पर्स वीकली, आउटिंग ही देशभर जाणारी नियतकालिकं पूर्वेकडची. नियम ठरवणारी मंडळी पूर्वेची. येल आणि प्रिन्स्टन यांचा नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाचा मोठा सामना न्यूयॉर्कला व्हायचा आणि शहरातले सगळे बातमीदार तिथे हजर असायचे. कीर्तीही तिथेच तयार व्हायची. फॉरवर्ड पासचं उदाहरण घ्या. चेंडू पुढे फेकायला १९०६ मध्ये परवानगी मिळाली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला विस्कॉन्सिनमधल्या वॉकशॉ गावी सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला कायदेशीर पास फेकला. प्रशिक्षक एडी कोकम्स यांनी या डावावर सबंध संघ उभा केला होता आणि तो संघ त्या हंगामात सगळे सामने जिंकला. पण लोकांच्या स्मरणात फॉरवर्ड पासचा जन्म कधीचा? १ नोव्हेंबर १९१३ चा. त्या दिवशी नोटर डेमने वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला ३५-१३ असं हरवलं, गस डोराईसने फेकलेले चेंडू नूट रॉकनीने झेलले, आणि वेस्ट पॉइंट न्यूयॉर्कपासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ते ठाऊक झालं. सात वर्षं जुनी गोष्ट नवी ठरली, कारण ती आता योग्य माणसांच्या डोळ्यांपुढे घडली होती.

दक्षिणेचं देणंही असंच. ऑबर्न, क्लेम्सन आणि जॉर्जिया टेक इथे प्रशिक्षक राहिलेले जॉन हाइझमन यांनी १८९५ मध्ये अटलांटात जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्या सामन्यात एका गांगरलेल्या खेळाडूला चेंडू पुढे भिरकावताना पाहिलं होतं. ते तेव्हा बेकायदा होतं. पण हाइझमन यांच्या मनात ते बसलं आणि पुढची कित्येक वर्षं ते कॅम्प यांच्या मागे लागले, की पासला परवानगी द्या, मैदानावरची मारामारी आणि जीवघेण्या दुखापती त्याने कमी होतील. म्हणजे कल्पना चालत होती, पत्रं पोचत होती. पोचत नव्हती ती खेळाडूंची नावं.

यावर नेहमीचा आक्षेप दर्जाचा. पूर्वेचा खेळच वरचढ होता, मग पूर्वेचे खेळाडू जास्त निवडले गेले तर बिघडलं कुठे, असं विचारतात. १८९० च्या दशकापुरतं यात तथ्य आहे. तेव्हाची येल दक्षिणेतल्या कुठल्याही संघाला लोळवू शकली असती. पण हा युक्तिवाद फार लांब ओढता येत नाही. १९०१ मध्ये फील्डिंग योस्ट यांच्या मिशिगन संघाने हंगामभरात ५५० गुण केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. हंगामाच्या शेवटी, १९०२ च्या पहिल्या दिवशी, कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाला जाऊन त्यांनी स्टॅनफर्डला ४९-० असं झोपवलं. तरी कॅम्प यांच्या १९०१ च्या पहिल्या अकरांत मिशिगनचा कुणी नाही. दर्जा हेच कारण असतं तर ५५०-० या आकड्यापुढे आणखी काय दाखवायचं राहिलं होतं? पुढे १९१० मध्ये व्हँडरबिल्टने येलच्याच मैदानावर येलला ०-० असं रोखलं. १९२१ मध्ये केंटकीतल्या डॅनव्हिल गावच्या सेंटर या चिमुकल्या कॉलेजने हार्वर्डला ६-० असं हरवलं. बो मॅकमिलिनने केलेली धाव हे त्या सामन्यातले एकमेव गुण. अशा सामन्यांनी दाखवलं ते एवढंच, की अंतर आगगाडीचं जास्त होतं आणि खेळाचं कमी.

शिवाय संघाचा दर्जा आणि माणसाचा दर्जा या दोन गोष्टी आहेत. गार्ड, टॅकल, सेंटर या पुढच्या फळीतल्या (लाइनवरच्या) खेळाडूंचं काम बातमीत येतच नाही. कुणी चेंडू घेऊन धावत गेला आणि शेवटच्या रेषेपार पोचून टचडाउन झाला, एवढं तारेने जातं. त्याच्यासाठी वाट कुणी मोकळी केली हे मैदानाजवळच्या माणसालाच दिसतं. म्हणून मला प्रादेशिक याद्यांमधली लाइनवरच्या खेळाडूंची नावं सगळ्यांत मोलाची वाटतात. त्या काळच्या वर्तमानपत्रांची स्कॅन केलेली पानं वाचत बसण्याची मला सवय आहे. एखाद्या पंचाने निवडलेला ऑल-सदर्न संघ वाचताना दिसतं, की हा माणूस त्या हंगामात त्या खेळाडूपासून पाच हातांवर उभा होता. डाव्या टॅकलबद्दल त्याने लिहिलेली दोन वाक्यंसुद्धा राष्ट्रीय यादीतल्या विशेषणांपेक्षा वजनदार असतात.

प्रादेशिक याद्या धुतल्या तांदळासारख्या होत्या असं मात्र मी म्हणणार नाही. प्रशिक्षक निवड करताना स्वतःच्या मुलांकडे झुकत. गावचं वर्तमानपत्र गावच्या संघाला झुकतं माप देई. शिकागोचा वॉल्टर एकर्सॉल स्वतः असामान्य क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा डाव चालवणारा खेळाडू, होता. पुढे तो शिकागो ट्रिब्यूनमध्ये लिहू लागला आणि त्याच वेळी मोठ्या सामन्यांत पंचाचंही काम करू लागला. ज्या सामन्याचा निकाल आपण देतो त्याचीच बातमी आपण लिहायची आणि वर संघही आपणच निवडायचा, हे आज कुणी चालवून घेणार नाही. यावर उपाय साधा आहे. एका यादीवर विसंबू नये, एकाच हंगामाच्या चार-पाच याद्या शेजारी ठेवाव्यात. अटलांटाचा निवडकर्ता आणि नॅशव्हिलचा निवडकर्ता एकमेकांच्या संघांवर मेहेरबान नव्हते. दोघांनी एकच नाव दिलं, आणि सलग दोन हंगाम दिलं, तर त्या नावाला धक्का लावणं कठीण आहे. ऑल-अमेरिकेच्या बाबतीत अशी पडताळणीच सुरुवातीच्या काळात शक्य नव्हती, कारण मान असलेला आवाज एखाददुसराच होता.

याहून फार जड असा एक दोष आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला पटत नाही. ऑल-सदर्न हे नावही खोटंच होतं. त्यात दक्षिणेतला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता आणि असू शकत नव्हता. २७ डिसेंबर १८९२ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या सॉल्सबरी गावात बिडल आणि लिव्हिंगस्टन या कृष्णवर्णीयांच्या दोन कॉलेजांचा सामना झाला, तेव्हापासून दक्षिणेत एक दुसरं फुटबॉल शेजारीच खेळलं जात होतं. टस्कीगीत क्लीव्ह ॲबट यांनी १९२० च्या दशकात उभा केलेला संघ वर्षानुवर्षं जिंकत होता. गोऱ्या निवडकर्त्यांच्या याद्यांत त्याचा मागमूस नाही.

इथे ऑल-अमेरिकेची बाजू उजवी ठरते, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं. विल्यम हेन्री लुइस हे पूर्वीच्या गुलाम आईबापांच्या पोटी व्हर्जिनियात जन्मले, हार्वर्डला सेंटर म्हणून खेळले आणि १८९२ व १८९३ अशी दोन वर्षं ऑल-अमेरिकेत आले. आपल्या जन्मभूमीच्या संघात मात्र त्यांना कुणी घेतलं नसतं. ब्राउन विद्यापीठाचा फ्रिट्झ पोलार्ड १९१६ मध्ये निवडला गेला आणि रटगर्सचा पॉल रोब्सन १९१८ मध्ये. कार्लाइलच्या मूलनिवासी मुलांच्या शाळेतला आयझॅक सेनेका १८९९ मध्येच त्या यादीत होता, आणि पुढे जिम थॉर्प आला. कार्लाइलने १९११ मध्ये हार्वर्डला १८-१५ असं हरवलं तेव्हा थॉर्पने लाथेने चेंडू खांबांमधून मारून चार फील्ड गोल केले होते. पण या सगळ्यांत एक समान धागा आहे. हे सगळे पूर्वेच्या मैदानांवर, पूर्वेच्या बातमीदारांसमोर खेळले. कार्लाइल पेनसिल्व्हेनियात होतं म्हणून थॉर्प दिसला. तेच कसब टस्कीगीच्या एखाद्या मुलाकडे असतं तर त्याला ना कॅम्प पाहत होते, ना अटलांटाचे संपादक.

कॅम्प यांना दक्षिण दिसत नव्हती. अटलांटाच्या संपादकांना आपल्याच गावातले कृष्णवर्णीय खेळाडू दिसत होते आणि तरी त्यांनी पाहिलं नाही. यातला दुसरा दोष अधिक मोठा आहे. म्हणून माझ्या मागणीत मी फक्त गोऱ्या वर्तमानपत्रांच्या याद्या धरत नाही. पिट्सबर्ग कूरियरसारख्या कृष्णवर्णीय वाचकांच्या वर्तमानपत्रांनी १९२० च्या दशकात आपापले संघ निवडायला सुरुवात केली. प्रादेशिक बहुमान पुरावा म्हणून मान्य करायचे तर त्या याद्याही त्याच टेबलावर, त्याच मानाने आल्या पाहिजेत. माझी १९२४ ची मर्यादा त्यांच्यासाठी पुढे सरकवावी लागली तरी हरकत नाही, कारण त्यांच्या बाबतीत दार फार उशिरापर्यंत बंद होतं. ऑल-सदर्नला न्याय द्यायचा आणि कूरियरला विसरायचं, हा तोच जुना अपराध पुन्हा करणं होईल.

छापील यादीवर अंधविश्वास ठेवला की काय होतं, हे रोब्सनच्या बाबतीत दिसलं. १९१६ मध्ये व्हर्जिनियाच्या वॉशिंग्टन अँड ली संघाने त्याच्याविरुद्ध खेळायला नकार दिला आणि रटगर्सने त्याला बाहेर बसवलं. पुढे तो मोठा गायक आणि नट झाला, राजकीय मतांमुळे सरकारच्या डोळ्यांत खुपू लागला, आणि १९५० च्या सुमारास निघालेल्या कॉलेज फुटबॉलच्या एका जाडजूड संदर्भग्रंथात १९१८ चा ऑल-अमेरिका संघ दहाच खेळाडूंचा छापला गेला. अकरावी जागा कोरी. राष्ट्रीय याद्या म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं समजणाऱ्यांनी ते पान डोळ्यांसमोर आणावं.

१९२४ च का, तेही सांगतो. ती कॅम्प यांची शेवटची यादी. मार्च १९२५ मध्ये ते वारले आणि त्यांची यादी छापणाऱ्या कोलियर्सची निवड ग्रँटलंड राइस यांच्याकडे आली. राइस व्हँडरबिल्टचे पदवीधर, अटलांटा आणि नॅशव्हिलच्या वर्तमानपत्रांत घडलेले. दक्षिण त्यांनी पाहिलेली होती. त्याच सुमारास रेडिओवर सामने ऐकू येऊ लागले होते. डिसेंबर १९२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पूर्व विरुद्ध पश्चिम असा निवडक खेळाडूंचा पहिला सामना झाला, आणि त्यानंतर आठवडाभरात अलाबामाने पासाडेनाला जाऊन वॉशिंग्टनला २०-१९ असं हरवलं. निदान गोऱ्या खेळाडूंपुरता तरी देश एकमेकांना दिसू लागला. तिथून पुढे राष्ट्रीय यादीला थोडाफार राष्ट्रीय म्हणता येतं.

अपवाद करता येत नाही, नियम म्हणजे नियम, असं कुणी म्हणेल तर त्याला हॉल ऑफ फेमनेच उत्तर देऊन ठेवलं आहे. सुवॉनीच्या त्या १८९९ च्या संघाचे कर्णधार हेन्री सीबल्स यांना, त्या वर्षीच्या कॅम्प यांच्या यादीत नाव नसूनही, तिथे पुढे प्रवेश मिळाला. अमेरिकेने आपल्या चांगल्या क्षणी असा विचार केलेला आहे. सीबल्स यांच्यासाठी जे पाहिलं गेलं, ते त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या टॅकलसाठी आणि सॉल्सबरीच्या मैदानावरच्या मुलांसाठीही पाहावं, एवढंच मागणं आहे.

हॉल ऑफ फेमची इमारत २०१४ पासून अटलांटात आहे. ज्या शहरात हाइझमन यांनी तो भिरकावलेला चेंडू पाहिला, ज्या शहराच्या वर्तमानपत्रांनी दर डिसेंबरात ऑल-सदर्न संघ छापले, तेच हे शहर. ती पानं आज संगणकावर वाचता येतात. समितीला कुठे लांब जायचं नाही.